साचा मोडल्याचं वचन

कोपनहेगनच्या बिंग अँड ग्रोंदाल या चिनी मातीच्या कारखान्यानं १८९५ च्या नाताळासाठी एक निळी-पांढरी बशी काढली. चित्र होतं गोठलेल्या खिडकीच्या काचेतून दिसणाऱ्या शहराचं, आणि चित्रकार होते फ्रान्स ऑगस्ट हालिन. नाताळ झाला की बशीचा साचा फोडून टाकायचा आणि पुढल्या वर्षी नवं चित्र घ्यायचं, असा रिवाज कारखान्यानं पाडला. ज्याच्या घरी १८९५ ची बशी आहे त्याला खातरी, की अशी बशी आता कुणी नव्यानं घडवणार नाही. मग १९१५ साल उजाडलं. त्याच कारखान्यानं तीच गोठलेली खिडकी पुन्हा बाजारात आणली, ‘ज्युबिली’ बशी म्हणून. फरक एवढाच की नवी बशी आकारानं मोठी होती. जुना साचा मोडलेलाच होता. चित्र मोडायचं वचन कुणी दिलं नव्हतं.

मर्यादित आवृत्तीच्या बाहुल्या पुन्हा काढाव्यात की नाही, या प्रश्नावर आज संग्राहक हमरीतुमरीवर येतात. एकीकडे पोटाला चिमटा काढून पहिल्या आवृत्तीची बाहुली घेतलेले, दुसरीकडे तेव्हा शाळेत असल्यामुळे किंवा खिसा रिकामा असल्यामुळे ती हुकलेले. या भांडणातला सगळा ऐवज त्या दोन बश्यांत आहे. पण मुळात साचा मोडण्याची बुद्धी माणसाला सुचली कशी, हे पाहायला बश्यांच्याही मागं, तांब्याच्या पत्र्यांपाशी जावं लागतं.

तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यात शाई भरायची आणि ओलसर कागद त्यावर दाबून काढायचा, हा ठशाचा जुना धंदा. तांबं मऊ असतं. सुईनं थेट कोरलेल्या रेघेच्या कडेला धातूची जी बारीक खरखरीत कड उठते, तिच्यामुळे छापात मखमली काळोख येतो, आणि ती कड काही डझन कागदांतच दबून जाते. संख्या कुणी ठरवत नव्हतं, पत्राच ठरवायचा. तो झिजला तरी लोक छापत राहत, ही गोष्ट वेगळी. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. त्याचे पत्रे अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बासाँ नावाच्या व्यापाऱ्यानं मिळवून त्यांवरून छपाई केली. पुनर्निर्मितीचा वाद असा बाहुलीपेक्षा बराच वयस्कर आहे.

१८५० च्या दशकात या धंद्यात एक नवी युक्ती आली. विजेच्या साहाय्यानं तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवायचा. आता पत्रा शेकडो, हजारो ठसे सोसू लागला. झिजेनं घातलेली मर्यादा गेली, आणि नेमकं त्यानंतरच्या दशकांतच माणसानं स्वतः मर्यादा घालायला सुरुवात केली. लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीनं १८७९ मध्ये चित्रकार व्हिस्लरला व्हेनिसला धाडलं आणि त्यातून १२ चित्रांचा संच निघाला, १०० प्रतींचा. ठरलेला आकडा झाला की पत्र्यावर आडव्या-तिरक्या रेघा मारून तो बाद करायचा, ही रीत याच काळात रुजली. गंमत म्हणजे त्याच सुमारास दिवाळखोर झालेल्या व्हिस्लरचे जुने पत्रे रेघा मारून बाद केले गेले, आणि त्या बाद पत्र्यांवरूनही ठसे काढून विकले गेले. गिऱ्हाईक असेल तर प्रेताचाही फोटो निघतो.

म्हणून मला वाटतं, दुर्मीळपणा विकायला निघाला तो वस्तू दुर्मीळ राहिली नाही तेव्हा. पत्रा आपोआप झिजत होता तोवर वचनाची गरजच नव्हती. फ्रान्सनं पुढं हे वचन कायद्यात बसवलं. तिथं ब्राँझ शिल्पाच्या १२ ओतीव प्रतीच मूळ मानल्या जातात, आठ विक्रीच्या आणि चार कलावंताच्या. त्यापलीकडच्या प्रतीवर ‘पुनर्निर्मिती’ असं स्पष्ट कोरावं लागतं. बाहुल्यांच्या दुनियेला असा कायदा कधी लाभला नाही.

बाहुल्या या खेळात उशिरा आल्या. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या झ्युमो आणि ब्रू यांच्या चिनी मातीच्या डोक्यांच्या बाहुल्या आज लाखमोलाच्या आहेत, पण त्या विकल्या गेल्या खेळणी म्हणूनच. प्रतींचा आकडा, प्रमाणपत्र यांतलं काही त्यांच्याबरोबर नव्हतं. हौशी कारागीर पुढं या जुन्या डोक्यांवरून नवे साचे घेऊ लागले तेव्हा भट्टीनंच त्यांची चोरी पकडून दिली. पोर्सिलीन भाजताना आक्रसतं. मूळ डोक्यावरून साचा घेतला की त्यातून निघणारं डोकं मुळापेक्षा लहानच निघतं. असा पुरावा वस्तूच्या अंगात असावा, ही माझी या सगळ्या वादातली एकमेव हट्टाची मागणी आहे, आणि तिच्याकडे मी परत येईन.

बश्यांचा धंदा अमेरिकेत बाहुल्यांकडे वळला तो ब्रॅडफर्ड समूहातून. टपालानं संग्राह्य बश्या विकणाऱ्या या समूहाच्या अ‍ॅश्टन-ड्रेक गॅलरीजनं १९८५ मध्ये योलांडा बेल्लो यांनी घडवलेलं ‘जेसन’ नावाचं पोर्सिलीनचं बाळ काढलं आणि टपालपेटीतून बाहुल्या विकायचा एक नवा जमाना सुरू झाला. बश्यांकडून या धंद्यानं एक फार हुशार शब्दप्रयोग उचलला होता. आवृत्ती मर्यादित, पण मर्यादा ‘भट्टीच्या दिवसां’ची. इतके दिवस भट्टी पेटेल, मग बंद. भट्ट्या किती, एका दिवसात किती बाहुल्या भाजल्या, हे मात्र गुलदस्त्यात. आकडा न सांगता आकड्याचा भास देणारी ही जाहिरात मला बश्यांच्या मोडक्या साच्याहून कितीतरी अप्रामाणिक वाटते. ज्यांनी संख्याच सांगितली नाही, ते पुढं तीच बाहुली पुन्हा भाजायला घेतील तर वचन मोडलं म्हणणार कोणतं?

बार्बीची कथा याच्या उलट्या टोकाहून सुरू होते. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात रूथ हँडलर यांनी ती मांडली. जर्मनीच्या ‘लिली’ या बाहुलीवरून बेतलेली, जपानमध्ये घडवलेली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखातली. किंमत तीन डॉलर. पहिल्याच वर्षात लाखांनी खपली. तरीही आज त्या पहिल्या बॅचची, तळपायाला भोकं आणि त्यात तांब्याच्या नळ्या असलेली बार्बी हजारो डॉलरांना जाते. लाखांनी निघालेली वस्तू दुर्मीळ झाली कशी? मुलींनी तिच्याशी खेळून. केस कापले, बूट हरवले, पट्ट्यांचा पोशाख चोळामोळा झाला, घर बदलताना ती भंगारात गेली. तिला दुर्मीळ करणारा कारखाना मुलांच्या खोल्यांत होता आणि तो कुठल्याही भट्टीपेक्षा चोख चालला.

हँडलर यांच्या मॅटेल कंपनीला हे कळेपर्यंत बराच काळ गेला. १९८६ मध्ये ‘ब्लू ऱ्हॅप्सडी’ ही पोर्सिलीनची पहिली बार्बी आली, १९८८ मध्ये लाल झग्यातली पहिली ‘हॅपी हॉलिडेज’ बार्बी, आणि नव्वदच्या दशकात घराघरांत लोक हॉलिडे बार्बी डब्यासकट माळ्यावर चढवू लागले. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, ही आशा. आज त्यांतल्या बहुतेकींना धड गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांचा भाव पुनर्निर्मितीनं पाडलेला नाही. तो पडला कारण त्या कधी मेल्याच नाहीत. कुणी खेळलं नाही, कुणी हरवली नाही, जेवढ्या निघाल्या जवळपास तेवढ्या आजही आपापल्या डब्यांत उभ्या आहेत. पुनर्निर्मितीनं आमचं भांडवल बुडतं, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी या डब्यांचा हिशेब मांडावा.

उलट मूळ बार्बीची नक्कल मॅटेलनं स्वतःच काढली. ३५ वर्षं झाली म्हणून १९९४ मध्ये, तोच पट्ट्यांचा पोशाख, तसाच डबा. पन्नाशीच्या निमित्तानं २००९ मध्ये पुन्हा. त्यामुळे १९५९ ची बार्बी स्वस्त झाली का? नाही. पहिल्या बार्बीचं व्हिनाइल काळाबरोबर फिकटत हस्तिदंतासारखं झालं आहे. तो रंग कुठल्याही कारखान्याला मागणीनुसार देता येत नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती ब्लाइथ. शिकागोच्या मार्विन ग्लास अँड असोसिएट्समध्ये अ‍ॅलिसन कॅट्झमन यांनी ती रचली आणि सिनसिनाटीच्या केनर कंपनीनं १९७२ मध्ये बाजारात आणली. इवल्याशा अंगावर भोपळ्याएवढं डोकं, आणि डोक्यामागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदले. हिरवा, गुलाबी, निळा, केशरी. मुलं म्हणे तिला घाबरली. वर्षभरात उत्पादन बंद. इथं कुणी मर्यादित आवृत्ती जाहीर केली नव्हती, धंदाच बसला होता. पंचवीस वर्षांनी, १९९७ मध्ये, न्यूयॉर्कच्या जिना गॅरन यांच्या हाती एक जुनी ब्लाइथ पडली. त्या तिला घेऊन हिंडू लागल्या, तिचे फोटो काढू लागल्या, आणि २००० मध्ये त्या फोटोंचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी जपानच्या पार्को या दुकानसाखळीनं नाताळच्या जाहिरातीत ब्लाइथला घेतलं. ब्लाइथचे हक्क असलेल्या हॅस्ब्रोकडून परवाना मिळाला आणि २००१ मध्ये टाकारानं नवी ब्लाइथ आणली. पहिली खेप ‘पार्को लिमिटेड’, फक्त १००० बाहुल्यांची. बघता बघता संपली.

नीट पाहिलं तर ही जगावेगळी उलटापालट आहे. मूळ बाहुली अपयशामुळे कमी निघाली, आणि तिची पुनर्निर्मिती जाणूनबुजून मर्यादित ठेवली गेली. शिवाय या नव्या ब्लाइथनं जुनीला मारलं नाही, उलट तिला नाव दिलं. नवी येईपर्यंत जुनी म्हणजे नुसती ‘ती मोठ्या डोक्याची बाहुली’. नवी आल्यावर ती झाली ‘केनर’, आणि तिच्या किमती गगनाला भिडल्या. पुढं २००४ मध्ये भट्टीच्या दिवसांवाल्या त्याच अ‍ॅश्टन-ड्रेकनं केनरच्या हुबेहूब नकला काढल्या, तरी केनरचा मान गेला नाही. मूळ वस्तूला मूळपण मिळतं ते तिची नक्कल निघाल्यावर.

अमेरिकन गर्लचा मामला वेगळा आणि मवाळ. प्लेझंट रोलंड यांनी १९८६ मध्ये कर्स्टन, समँथा आणि मॉली या तीन ऐतिहासिक बाहुल्यांनी ही कंपनी उभी केली. १९९८ मध्ये मॅटेलनं ती ७० कोटी डॉलरना घेतली आणि मग एकेका बाहुलीला ‘निवृत्त’ करायला सुरुवात केली. निवृत्त, म्हणजे आकड्याचं वचन नाही, फक्त निरोप. समँथा २०१४ मध्ये परतली आणि २०२१ मध्ये पस्तिशीच्या निमित्तानं, पुढं आलेल्या तिघींसह, पहिल्या सहाही जणी. निवृत्त माणूस पुन्हा कामावर आला तर कुणी फसवणुकीची फिर्याद करत नाही. तरी जाणकार बाहुली हाती घेतली की आधी झगा वर करून धड पाहतात. १९९१ मध्ये फेलिसिटी आली, तिच्या झग्याचा गळा खोल, म्हणून कापडी धड पांढऱ्याऐवजी कातडीच्या रंगाचं करावं लागलं. त्याआधीच्या बाहुल्यांना आता ‘व्हाइट बॉडी’ म्हणतात. शिंप्याच्या एका अडचणीनं पिढ्या वेगळ्या करून ठेवल्या.

नवी पिढी याहून मोकळी आहे. मॉन्स्टर हाय २०१० मध्ये आली आणि २०२२ मध्ये मॅटेलनं तिच्या पहिल्या बाहुल्या ‘क्रीप्रॉडक्शन’ या नावानं पुन्हा काढल्या. नावातच कबुली, आणि तीही चेष्टेत. २०१० मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आता कमावती होऊन दुकानात उभी असते. तिला नाही म्हणायचं तर कुणाच्या नावानं?

कोर्टातही हा प्रश्न गेला आहे, बाहुलीवरून नसला तरी. विल्यम एगलस्टन या छायाचित्रकारानं आपल्या जुन्या, मर्यादित प्रतींच्या चित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रती २०१२ मध्ये क्रिस्टीजमध्ये लिलावाला काढल्या. जुन्या प्रतींच्या एका संग्राहकानं दावा लावला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानं २०१३ मध्ये तो फेटाळला, कारण वेगळ्या आकाराची आणि वेगळ्या पद्धतीची प्रत ही नवी आवृत्ती. म्हणजे कोपनहेगननं १९१५ मध्ये जे केलं तेच. निकाल मला पटतो, पण आकार हा पळवाटेचाही रस्ता आहे. बाहुलीच्या बाबतीत तर आकार बदलला की कपडे आणि बूट, सगळंच बदलतं, म्हणून कंपन्या त्या वाटेला सहसा जात नाहीत. त्या फरक डब्यावर छापतात. आणि डबा हीच बाहुलीची पहिली जाणारी वस्तू. खूण मानेवर किंवा पाठीवर, साच्यातच कोरलेली हवी.

पुनर्निर्मिती अडवल्यानं नक्कल थांबत नाही, हेही इथं सांगायला हवं. सांधे हलणाऱ्या रेझिनच्या बाहुल्यांमध्ये विकत आणलेल्या एका बाहुलीवरून साचा घेऊन बनावट ‘रीकास्ट’ काढणारे सर्रास आहेत, आणि मूळ कारागिरानं हात आखडला की त्यांचं फावतं. ते कुठलीही खूण कोरत नाहीत.

तरी एका जागी मी नाहीच म्हणेन. मॅटेलनं संग्राहकांसाठी लेबलांच्या पायऱ्या पाडल्या, त्यांतली सर्वांत वरची प्लॅटिनम, जगभर मिळून हजाराच्या आत. तिथं कंपनीनं ‘निरोप’ म्हटलेलं नाही की ‘भट्टीचे दिवस’ही नाही, सरळ संख्या सांगून त्या संख्येचे पैसे घेतले आहेत. ती बाहुली तशीच्या तशी, त्याच चेहऱ्यानं आणि त्याच झग्यात पुन्हा निघू नये. झगा हलक्या कापडात शिवून दुकानातल्या साध्या बार्बीला घातला, तर मात्र माझी काही हरकत नाही.