पाच पिनांचा तह

१९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी मिश्रणयंत्राच्या एका वाहिनीत बिघाड झाला आणि सहा तारांच्या बास गिटारचा स्वर फाटका, घोगरा होऊन फितीवर उतरला; ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने त्या बिघाडाचा अभ्यास करून तसाच स्वर हुकमी काढणारे मंडल रचले, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि पायाने दाबायची एक कळ, एवढाच त्याचा सरंजाम. त्याला गिटार जोडण्याचा पाव इंची जॅक तर त्याहूनही पुरातन, एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेला. ज्याच्यापाशी हे यंत्र आज शाबूत असेल त्याने नव्या बॅटऱ्या घालाव्यात आणि वाजवावे. साठांहून अधिक वर्षांत त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागलेली नाही.

परवानगीचा प्रश्न उद्भवला तो गिटारच्या इफेक्ट-यंत्रांचा संगणकाशी संबंध जडल्यावर. संगणकाची कार्यप्रणाली बदलली की दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेला इफेक्ट-प्रोसेसर एका रात्रीत अनोळखी ठरतो. त्यातील एकही कपॅसिटर फुगलेला नसतो, एकही खुंटी झिजलेली नसते, गिटार जोडल्यास स्वरही पूर्वीसारखाच निघतो, परंतु संगणक त्याची दखल घेत नाही आणि वादकाने वर्षानुवर्षे जमवलेले ‘पॅच’, म्हणजे जतन केलेल्या स्वररचना, आतल्या आत अडकून पडतात. पूर्वीच्या काळी राज्याचा अंमल बदलला की जुन्या सनदा नव्या दरबारात रुजू करून घ्याव्या लागत, आणि रुजुवात न झालेली सनद, तिच्यावरील मोहर कितीही अस्सल असली तरी, वहिवाट राखण्यास निरुपयोगी ठरे. यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीची अवस्था नेमकी तशीच आहे. ती सनद कारखानदाराने नूतन करून दिली नाही, तर धडधाकट यंत्र बेदखल होते.

या दुरवस्थेवरील उपाय ती उद्भवण्यापूर्वीच योजलेला होता, ही या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट होय. १९७२ साली ओसाका येथे रोलंड कंपनी स्थापन करणारे इकुतारो काकेहाशी गिटारवादकांना परिचित आहेत ते बॉस या नाममुद्रेमुळे. १९७६ चा सीई-१ कोरस आणि १९७७ पासून निघालेली ती लहान, रंगीबेरंगी, धातूची पेडले त्यांच्याच कंपनीची. १९८० च्या सुमारास प्रत्येक कारखानदाराची विद्युत्-वाद्ये केवळ आपल्याच घराण्याच्या वाद्यांशी जोडली जात. काकेहाशी आणि कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ, म्हणजे बाजारपेठेतील दोन प्रतिस्पर्धी, यांनी पुढाकार घेऊन सर्वांना मान्य होईल असा एक तह घडवून आणला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अ‍ॅनाहाइम येथील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे प्रॉफेट-६०० व काकेहाशी यांचे ज्युपिटर-६ ही वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. या तहाचे नाव मिडी. तो वापरण्यासाठी कोणाला दमडीही द्यावी लागू नये, असे त्याच्या जनकांनी ठरवले. माझ्या मते त्यांच्या सर्व शोधांहून हा निर्णय थोर होता.

त्या तहाची कलमे जवळून पाहण्यासारखी आहेत. जोडणी पाच पिनांची, परंतु त्यांपैकी तीनच वापरात. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे सुमारे ३,१२५ बाइट. आजच्या मानाने तो अत्यल्प, तथापि बोटांच्या हालचाली कळवण्यास पुरेसा. घेणाऱ्या यंत्रात येणारा प्रवाह एका सूक्ष्म दिव्यातून जातो, त्या दिव्याचा प्रकाश समोरील संवेदकावर पडतो, आणि त्यामुळे दोन यंत्रांमध्ये विजेचा प्रत्यक्ष संबंध न राहता संदेश तेवढा पोचतो. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील गुणगुणीने जे त्रासलेले आहेत त्यांना या दूरदृष्टीचे मोल सांगावयास नको. यांतील सर्वांत उदार कलम ‘सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह’ संदेशाचे. संदेश २४० या अंकाने सुरू व्हावा, त्यामागोमाग कारखानदाराला नेमून दिलेला क्रमांक यावा, २४७ या अंकाने शेवट व्हावा, आणि मधल्या भागात ज्याने त्याने आपल्या यंत्राचा मजकूर स्वेच्छेने भरावा. गिटारवादकाचे पॅच ज्या मार्गाने यंत्राबाहेर काढता येतात तो मार्ग हाच.

संगणकाच्या बाजूने मात्र अशी स्थिरता लाभली नाही. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाच्या अंगावरच मिडीची दारे होती. पुढे सामान्य संगणकांत साउंड कार्डावरील जॉयस्टिकच्या जोडणीतून हे काम होऊ लागले, आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टाने त्या जोडणीचा आश्रयच काढून घेतला. तोवर यूएसबी आली होती, आणि १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडी पाठवण्याची सार्वजनिक पद्धतही ठरली होती. जी यंत्रे ती पद्धत पाळतात त्यांना वेगळ्या ड्रायव्हरची गरज नसते. परंतु ध्वनीच्या अनेक वाहिन्या कमी विलंबाने नेण्यासाठी कित्येक कारखानदारांनी आपापली खाजगी भाषा योजली, आणि येथेच पुढील दुःखाचे मूळ आहे. ६४ बिटी व्हिस्टाने प्रमाणित स्वाक्षरीवाचून ड्रायव्हर स्वीकारण्यास नकार दिला. ऑक्टोबर २०१९ मधील मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटी आज्ञावल्या सरसकट बंद केल्या. आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोने फायरवायर या जुन्या जोडणीला रजा दिली. यांपैकी काही निर्णयांमागे सुरक्षिततेची कारणे आहेत आणि ती मला मान्यही आहेत, कारण ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात शिरून काम करतो व तेथे अनोळखी माणसाला मोकळीक देणे धोक्याचे असते. तक्रार आहे ती मुदत सरल्यावर यंत्राच्या धन्याला वाऱ्यावर सोडण्याच्या रिवाजाविषयी.

लाइन ६ कंपनीच्या पॉड या यंत्राची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९९८ मध्ये आलेल्या त्या लालभडक, वक्राकार पेटीत जुन्या नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांचे स्वभाव अंकीय रीतीने उतरवलेले होते, आणि मागील बाजूस मिडीची दोन दारे होती. तिचे पॅच संगणकावर संपादित करण्यासाठी इमॅजिक कंपनीची साउंडडायव्हर ही आज्ञावली वापरत; २००२ मध्ये अ‍ॅपलने इमॅजिक विकत घेतली आणि साउंडडायव्हर कालांतराने अस्तंगत झाली. तरीही पॉडचे काही अडले नाही, कारण दार पाच पिनांचे होते आणि त्यातून कोणाही अभ्यासूला नवा संपादक लिहिता आला. तिच्यानंतर आलेल्या पॉड एक्सटीने यूएसबी स्वीकारली, पण खाजगी भाषेत. तेथे यंत्राचे आयुष्य ड्रायव्हरच्या आयुष्याशी बांधले गेले. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या स्वयंसेवकांनी ती भाषा उकलून स्वतंत्र ड्रायव्हर रचला आणि २०१५ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यातील ध्वनिविभागात रीतसर दाखल झाला; ज्या यंत्राला इतरत्र थारा उरला नाही त्याला तेथे आश्रय मिळाला.

आज अशी यंत्रे चालती करणारे लोक हाच इतिहास उलट्या क्रमाने चालत जातात. प्रथम यंत्राची अंतर्गत आज्ञावली आणि त्याच्या सेटिंगमधील यूएसबीचे पर्याय तपासावेत, कारण रोलंडच्या यूए-२५ सारख्या जोडयंत्रांवर खास ड्रायव्हर आणि प्रणालीतील सामान्य ड्रायव्हर यांतून निवड करण्याची कळच होती, आणि ती फिरवताच मुके यंत्र पुष्कळदा बोलू लागते. ते न साधल्यास पाच पिनांचे दार शोधावे. एकाच्या ‘आउट’मधून निघालेली तार दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये जावी, संगणकाने ऐकण्यास आरंभ केल्यावरच यंत्रावरून पॅच पाठवण्याचा हुकूम सुटावा, ३२,००० बाइटांचा पॅच-संच उतरण्यास दहा सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. यूएसबी ते मिडी असे जोडयंत्र घेताना मात्र फार स्वस्तातले घेऊ नये, कारण त्यांतील काही दीर्घ संदेश मध्येच तोडतात आणि अर्धवट उतरलेला संचय परत चढवताना घात होतो. यांपैकी काहीच शक्य नसेल तर जुनी प्रणाली असलेला एक संगणक, इंटरनेटपासून अलग करून, केवळ या कामासाठी राखावा.

कारखानदारांना माझी विनंती एवढीच आहे की, ज्या दिवशी एखाद्या यंत्राचा ड्रायव्हर यापुढे नूतन करणार नाही असे जाहीर कराल, त्याच दिवशी त्या यंत्राची भाषा छापून लोकांच्या स्वाधीन करा. आणि वाचकांपैकी ज्यांच्याकडे असे यंत्र असेल त्यांनी प्रणाली अद्ययावत करण्याच्या बटणाला हात लावण्यापूर्वी आपले सर्व पॅच बाहेर काढून दोन ठिकाणी जतन करून ठेवावेत.