हवामान धोरण आणि दुष्काळी मुलखातील लोकचळवळी

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगररांगेतील गाव गणपतीच्या देवस्थानामुळे परिचित आहे. हा सारा टापू अवर्षणप्रवण आहे. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो वेळेवर येईलच याची शाश्वती नसते. ‘हवामान बदल’ हा शब्द सरकारदरबारी रुळण्यापूर्वीच या भागाने पाणी, रोजगार आणि स्थलांतर या रूपांत लहरी पावसाचा प्रश्न भोगला. म्हणूनच महाराष्ट्रातील हवामानविषयक उपाययोजनांची मुळे शोधताना प्रथम दुष्काळी मुलखातील चळवळींकडे वळावे लागते.

रोजगार हमी

१९७२ च्या दुष्काळात लाखो लोक दुष्काळी कामांवर राबले. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला शेतमजुरांच्या आणि डाव्या पक्षांच्या आंदोलनांनी बळ दिले. त्यातून १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेच्या खर्चासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरी नोकरदारांच्या वेतनातून होणाऱ्या या कपातीचा उगम असा खेड्यातील दुष्काळात आहे. हमीच्या कामांतून पाझर तलाव आणि नाला बांध उभे राहिले, तर २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

पाणलोटाचा धडा

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने झालेल्या पाणलोटाच्या कामावर शासनाची १९९२ मधील आदर्श गाव योजना बेतलेली होती. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’ संस्थेने १९८२ पासून ग्रामीण विकासाचे काम उभे केले. मात्र चळवळीने मांडलेले सारेच शासनाने स्वीकारले असे नाही. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या पाणी पंचायतीने जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात पाणी देण्याचे आणि त्यावर ऊस न घेण्याचे सूत्र घालून दिले. शासनाने बंधारे स्वीकारले, समन्यायी वाटपाचे हे सूत्र मात्र सर्वत्र लागू केले नाही.

न्यायालयाचा मार्ग

२०१५ मध्ये ‘स्वराज अभियान’ने दुष्काळग्रस्तांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यात महाराष्ट्रासह १२ राज्यांचा प्रश्न होता. मे २०१६ मधील निकालाने दुष्काळ व्यवस्थापनाची नियमावली सुधारण्याचा आणि राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधी उभारण्याचा आदेश दिला. सुधारित नियमावली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली, निधी मात्र २०२१ मध्ये अस्तित्वात आला. मार्च २०२४ च्या निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या १४ व २१ व्या अनुच्छेदांतून मिळणारा अधिकार असल्याचे न्यायालयाने मान्य केले.

ग्रामसभेतील रिकाम्या जागा

राज्याचा हवामान अनुकूलन आराखडा ‘टेरी’ संस्थेच्या अभ्यासावर आधारलेला आहे. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडसह १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावे निवडण्यात आली. गावाचा आराखडा गावाच्याच सहभागाने व्हावा, असे या प्रकल्पाचे सूत्र होते. लोकसहभागाचे तत्त्व त्यामुळे कागदावर आले.

परंतु दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ज्यांनी बोलायचे, ते त्या वेळी उसाच्या फडात असतात. यातील स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न महिला संघटनांनी लावून धरला आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. संघटनांचा आवाज उठला नसता, तर हे दुःख सरकारी नोंदीत आलेच नसते. दुष्काळाची झळ ज्यांना सर्वाधिक बसते, ते गावाचा आराखडा ठरताना गावात नसतील, तर उत्तम धोरणही अपुरेच ठरेल. ही उणीव भरून काढणे, हे नागरी संघटनांपुढील खरे काम आहे.