वंशवेल, जाळे आणि संगणकावरचा नकाशा

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक जळगावचा आणि एक धुळ्याचा. खानदेशातील यादवकालीन लेख विद्यार्थ्यांना शिकवताना नावांचा, नात्यांचा आणि दानांचा गुंता फळ्यावर मांडावा लागतो, आणि तास संपला की फळा पुसला जातो. म्हणून टिपणांचे चित्र करून देणारी एखादी संगणकप्रणाली निवडावी, असे ठरवले. काम किरकोळ वाटले होते. प्रत्यक्षात ते इतिहासलेखनाच्या पद्धतीचाच प्रश्न होऊन बसले.

आमच्यापुढचे उदाहरण चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील शिलालेखाचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याच्या नऊ पिढ्या येतात : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. त्याच तालुक्यात गिरणाकाठी बहाळ येथे शके ११४४, म्हणजे इ. स. १२२२ चा दुसरा लेख आहे. तो मनोरथ आणि महेश्वर यांच्यापासून श्रीपती, गणपती, अनंतदेव अशी ओळ खाली आणतो. दोन्ही लेख शेजारी ठेवले की महेश्वराच्या नावापाशी वेलीला दोन फांद्या फुटतात आणि श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ ठरतो. हे नाते उमगते ते दोन दगड एका कागदावर आल्यावर. चित्ररूप टिपणाचे सामर्थ्य यापेक्षा वेगळे काय सांगावे?

या मांडणीला वंशवेल पुरते. टोनी बुझान यांनी १९७४ च्या सुमारास बीबीसीवरून ज्याचा प्रसार केला, तो माइंड मॅप मुळात अशीच वेल आहे : मध्ये एक मूळ, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या. ‘फ्रीमाइंड’ आणि त्यातून पुढे निघालेले ‘फ्रीप्लेन’ या विनामूल्य प्रणाली हे काम उत्तम करतात. आमच्या नऊ पिढ्या त्यात अर्ध्या तासात बसल्या.

अडचण त्यापुढे आली. पाटण्याचा लेख केवळ घराण्याचा नाही. चांगदेवाने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले, तर चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी होता. बहाळचा अनंतदेवही सिंघणाच्याच पदरी. आता सिंघण कोणाची फांदी? चांगदेवाखाली लिहावा तर अनंतदेव तुटतो, अनंतदेवाखाली लिहावा तर चांगदेव. वेलीत प्रत्येकाला एकच बाप असतो. इतिहासात माणसे घराण्याची असतात, दरबाराची असतात, मठाचीही असतात. आणखी एक : लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मराठीच्या अभ्यासकाला तोच सर्वांत मोलाचा, आणि वंशवेलीत त्याला जागाच नाही.

येथे दुसरी परंपरा उपयोगी पडते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून संकल्पना-नकाशाची पद्धत विकसित केली. तिच्यात प्रत्येक रेषेवर नात्याचे नाव लिहावे लागते : ‘पुत्र’, ‘आश्रित’, ‘दान दिले’. नुसती रेघ ओढून सुटका नाही. ‘सीमॅपटूल्स’ ही प्रणाली याच पद्धतीवर बेतलेली आहे. विद्यार्थ्याने चांगदेव आणि सोइदेव यांच्यामध्ये रेघ काढली की आम्ही विचारतो, ‘हिच्यावर काय लिहाल?’ तेथे जो थबकतो, त्याला लेख पुन्हा वाचावा लागतो.

तरीही निवड पुरी झाली नव्हती. दोन दशकांपूर्वी आम्ही एका प्रणालीत, त्या वेळच्या एका फाँटमध्ये, शिलालेखांची टिपणे केली होती. आज ती फाइल उघडली की मराठीऐवजी अर्थहीन चिन्हे दिसतात. कित्येक सुट्ट्यांचे श्रम त्यात गेले. दगडावरची आठशे वर्षांपूर्वीची अक्षरे वाचता येतात आणि आमची वीस वर्षांपूर्वीची येत नाहीत, याची लाज वाटते.

या लाजेतून धुळ्याकडे पाहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. त्यात मूळ पत्रे वेगळी आणि राजवाड्यांची विवेचक प्रस्तावना वेगळी. त्यांच्या कित्येक निष्कर्षांशी नंतरच्यांनी वाद घातला, पण पत्रे शाबूत राहिली, म्हणूनच तो वाद घालता आला. साधन आणि अर्थ यांच्यात राखलेले हे अंतर आम्हांला मोलाचे वाटते.

तेव्हा आम्ही ठरवले ते असे. प्रथम युनिकोड देवनागरीत साधा तक्ता करायचा : व्यक्ती, नाते, दुसरी व्यक्ती, आणि ते कोणत्या लेखात आले त्याची नोंद. हे आमचे साधन. त्यावरून वंशवेल हवी तर फ्रीप्लेन, जाळे हवे तर सीमॅपटूल्स. दोन्हींतून मजकूर साध्या अक्षरांत बाहेर काढता येतो, ही आमची मुख्य कसोटी. अनुमानाने जोडलेली रेषा तुटक काढायची. श्रीपती आणि भास्कराचार्य यांच्यामधली रेषा आम्ही तुटकच ठेवली आहे.

उद्या या प्रणाली राहतील की नाही, कोण सांगणार? तक्ता राहिला तर चित्र पुन्हा काढता येईल, आणि आमचे चुकले असेल तर पुढचा अभ्यासक ते पुसून नवे काढील. त्याला तशी सोय ठेवणे एवढे आमच्या हाती आहे.