धर्मस्वातंत्र्याचे अभ्यासक प्रा. डग्लस लेकॉक

देवस्थानाचा कारभार पाहताना शासनाचा अधिकार कोठे संपतो व उपासकांचा कोठे सुरू होतो, हा प्रश्न आम्हां विश्वस्तांस वारंवार पडतो. याच प्रश्नाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एका अमेरिकन विधिज्ञाचा परिचय भाविकांस व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रा. लेकॉक यांचा जन्म १९४८ चा. शिकागो विद्यापीठातून १९७३ साली कायद्याची पदवी घेतल्यावर पुढे त्यांनी तेथेच, तसेच टेक्सास, मिशिगन व व्हर्जिनिया येथील विद्यापीठांत अध्यापन केले. धर्मस्वातंत्र्यावरील त्यांचे लेखन पाच खंडांत संकलित आहे. स्वतः ते अज्ञेयवादी, हे विशेष! शासनाने धर्माचरणास उत्तेजन देऊ नये आणि त्यापासून परावृत्तही करू नये, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

सर्वांना सारख्या लागू असलेल्या कायद्यातून धर्माचरणासाठी सूट हा घटनादत्त हक्क नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला. लेकॉक यांनी त्यावर कठोर टीका केली. त्यानंतर फ्लोरिडातील हायलिया शहराचा खटला त्या न्यायालयापुढे आला. तेथे सांतेरिया पंथीयांनी मंदिर उभारण्याचे जाहीर करताच नगर परिषदेने पशुबळीस बंदी घालणारे नियम केले. खाटीकखाने, शिकार, मासेमारी मात्र पूर्ववत चालू! बळीची प्रथा आम्हांस रुचणारी नाही. तथापि एकाच पंथास लक्ष्य करणारा नियम न्याय्य कसा म्हणावा? लेकॉक यांनी पंथाची बाजू मांडली व १९९३ साली न्यायालयाने एकमताने ते नियम रद्द ठरविले.

प्रत्येक वेळी यश आले असे नाही. चर्चच्या इमारतीच्या विस्तारासंबंधीचा टेक्सासमधील खटला ते १९९७ साली हरले. २०१३ मध्ये नगर मंडळाच्या सभेतील प्रार्थनेस हरकत घेणाऱ्यांची बाजू त्यांनी मांडली. तेथेही पाच विरुद्ध चार मतांनी पराभव झाला. धर्माचरणाचा कैवारी सरकारी सभेतील प्रार्थनेस विरोध करतो, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही.

आपल्याकडे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात कोणते विधी आवश्यक, हे ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने संप्रदायाकडे ठेवला. मालमत्तेची व्यवस्था मात्र कायद्यानुसारच करावी लागते. न्यासाचे हिशेब वेळेवर तपासून घ्यावे लागतात, ते यामुळेच.

२०१४ साली लेकॉक यांनी अर्कान्सास राज्यातील एका मुस्लिम कैद्याची बाजू मांडली. अर्धा इंच दाढी राखू द्यावी, एवढीच त्याची मागणी होती. ती नऊही न्यायमूर्तींनी मान्य केली.