बांबू : झाड की गवत?



सूप, टोपली, डाली, कुडाची भिंत, पावसाळ्यात वास्त्यांची भाजी. गडचिरोलीकडच्या बाईचा दिवस बांबूशिवाय सरत नाही. बांबू गवताच्या कुळातला, पण कायद्यात तो नव्वद वर्षं झाड होता. एवढ्याशा फरकाने काय झालं, ते आज ऐका.

इंग्रजांनी 1878 मध्ये वनकायदा करून जंगलं राखीव केली. तिथे गावाचे जुने हक्क सरकारने मान्य केले तरच उरले. 1927 च्या कायद्याने तीच वाट धरली आणि झाडाच्या व्याख्येत बांबूही घातला. ज्या रानातून आजी मोळी आणायची, तिथे नात चोर ठरू लागली. जे आपलं म्हणता येत नाही, ते राखायला कोण धावणार? माणूस आणि जंगल यांच्यातलं नातं असं कागदाने तोडलं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव. तिथल्या लोकांनी 1980 नंतरच्या दशकात ग्रामसभा बळकट केली. बायाही बसायच्या. मतदान नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलणं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. जंगल राखायचं काम गावाने आपल्याकडे घेतलं. हक्काचा कागद मात्र हाती नव्हता.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. आदिवासींवर इतिहासात अन्याय झाला, असं त्यात सरकारनेच लिहिलं. बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे तो गोळा करायचा आणि विकायचा हक्क गावाचा. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबूला लाकूडच म्हणत राहिलं. वाहतूक परवान्याशिवाय तोडलेला बांबू विकायचा कसा? अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. 2017 मध्ये झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडायला, न्यायला मोकळा झाला.

पण हा कायदा नुसता देत नाही. जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत जपायची जबाबदारीही तो ग्रामसभेवर टाकतो. हक्क आणि राखण एकाच हातात आले, तरच तुटलेलं नातं सांधतं.

त्या हातांत आपलेही हात हवेत. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. वनहक्काच्या ग्रामसभेला जमलेल्यांतही तेवढ्या हव्यात. नवरा-बायको असतील तर जमिनीचा पट्टा दोघांच्या नावे होतो. म्हणून पुढच्या ग्रामसभेला नुसता अंगठा किंवा सही करून परतू नका. आपल्या गावाचा दावा कुठे अडला ते विचारा. दावा मंजूर असेल, तर यंदा कुठला बांबू तोडायचा आणि कुठला वाढू द्यायचा, ते तुम्हीही ठरवा. जळण, पाणी आणि रानभाजी कुठे कमी झाली, हे सगळ्यांत आधी आपल्यालाच कळतं.