समुद्रकाठचा स्मारकरस्ता

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्याने टॉर्की गावापासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा एक रस्ता जातो. 'ग्रेट ओशन रोड' हे त्याचे नाव. नोकरीतून निवृत्त झालेली आणि मुलाबाळांच्या जबाबदारीतून मोकळी झालेली कितीतरी दांपत्ये मोटारीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे लहानसे घर, जोडून या वाटेने प्रवासास निघतात. आत निजण्यास बिछाना असतो, चहापाण्यास चूल असते. सायंकाळी एखाद्या गावच्या तळावर मुक्काम करावा आणि सकाळी सावकाश पुढे निघावे, असा त्यांचा क्रम असतो.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना समुद्र डाव्या हातास राहतो. तिकडेही वाहने आपल्याकडच्याप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे हे फिरते घर पाण्याच्या अगदी काठाने जाते. उजवीकडे तासलेला कडा, डावीकडे खाली फुटणाऱ्या लाटा, आणि पुढे वळणामागून वळण! मागे वाहनांची रांग लागली, की रुंद जागा पाहून बाजूस थांबावे आणि इतरांना वाट द्यावी लागते. असे थांबल्यावर प्रवाशाच्या मनात सहज प्रश्न उभा राहतो. हा कडा कोणी फोडला असेल?

त्याचे उत्तर ईस्टर्न व्ह्यू येथे मिळते. तेथे रस्त्यावर एक लाकडी कमान उभी आहे आणि तिच्या शेजारी रस्ता बांधणाऱ्या दोघा सैनिकांचा पुतळा आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे साठ हजारांहून अधिक लोक कामास आले. त्या वेळी त्या देशाची सारी लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती. जे जिवंत परतले, त्यांच्या हातांना काम हवे होते; आणि जे परतले नाहीत, त्यांचे स्मारक व्हावयास हवे होते. एका रस्त्याने या दोन्ही गरजा भागवाव्यात, अशी कल्पना पुढे आली. जीलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक हे तिचे खंदे पुरस्कर्ते. रस्त्यासाठी १९१८ मध्ये विश्वस्त मंडळ स्थापन झाले, हिचकॉक त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी स्वतःचे तीन हजार पौंड या कार्यास दिले.

१९ सप्टेंबर १९१९ रोजी काम सुरू झाले. सुमारे तीन हजार माजी सैनिकांनी त्यात भाग घेतला. कुदळ, फावडे, घोडागाडी आणि सुरुंगाची दारू हीच त्यांची साधने. दिवसाच्या आठ तासांच्या कामास साडेदहा शिलिंग मजुरी मिळे. राहणे तंबूंत. तळावर पियानो, ग्रामोफोन, वर्तमानपत्रे आणि खेळांची सोय केलेली होती. परंतु काम मोठे जिकिरीचे होते. समुद्रावर झुकलेल्या कड्यांवर ते करताना काही मजूर प्राणास मुकले. तोफांच्या भडिमारातून वाचून आलेल्या माणसांना येथे पुन्हा दिवसभर सुरुंगांचे आवाज ऐकावे लागत. त्यांना काय वाटत असेल, याची आपण कल्पनाच करावी.

त्या कष्टांत एक गमतीचा प्रसंगही घडला. १९२४ साली 'कसिनो' नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकावर आदळली. ओझे हलके करण्यासाठी खलाशांनी बिअरची पाचशे पिंपे आणि मद्याच्या एकशेवीस पेट्या समुद्रात टाकून दिल्या. लाटांनी हा माल रस्त्यावरच्या मजुरांच्या तळाजवळ आणून सोडला. त्यानंतर काम पंधरा दिवस बंद राहिले, असे सांगतात!

रस्ता होण्यापूर्वी लॉर्न आणि अपोलो बे या गावांना जावयाचे, तर बोटीने किंवा जंगलातील खडतर वाटेने जावे लागे. ईस्टर्न व्ह्यू ते लॉर्न हा टप्पा मार्च १९२२ मध्ये खुला झाला. पुढे खर्चाच्या भरपाईसाठी रस्त्यावर जकात बसविण्यात आली. ती १९३६ मध्ये रस्ता सरकारच्या स्वाधीन होईपर्यंत चालू होती. संपूर्ण रस्त्याचे उद्घाटन २६ नोव्हेंबर १९३२ रोजी लॉर्न येथे झाले. पण तो सोहळा पाहण्यास हिचकॉक उरले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले होते. मिरवणुकीत त्यांची मोटार तेवढी सामील करण्यात आली होती.

अपोलो बेच्या पुढे दाट अरण्य ओलांडले, की 'बारा प्रेषित' या नावाचे चुनखडीचे सुळके समुद्रात उभे दिसतात. ते कधीच बारा नव्हते. गणतीस नऊच होते, आणि जुलै २००५ मध्ये त्यांतला एक कोसळला. जवळच १ जून १८७८ रोजी 'लॉक आर्ड' हे जहाज फुटले. त्यावरील ५४ जणांपैकी टॉम पीअर्स आणि ईव्हा कारमायकल हे दोघेच वाचले. दगडालाही लाटांपुढे आयुष्याची मर्यादा आहे, हे या किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते.

तरीही कोणाची स्मृती राखावयाची, हे अखेर माणसेच ठरवितात. या डोंगरांत पूर्वापार राहणाऱ्या गादुबानूद लोकांपैकी अनेकांना १८४६ साली एअर नदीकाठी गोऱ्यांच्या एका मोजणी-तुकडीने सूड म्हणून ठार मारले. ईस्टर्न व्ह्यूची कमान त्यांच्यासाठी उभारलेली नाही. त्याच महायुद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका खेड्याचे ४६ जवान धारातीर्थी पडले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पण त्या गावाबाहेर किती मराठी घरांत त्यांची आठवण निघते? दूरदेशीचे स्मारक पाहताना हा प्रश्न आपणही स्वतःस विचारावयास हवा.

ग्रेट ओशन रोडचा २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा-सूचीत समावेश झाला. परंतु त्याचा खरा मान राखणारी माणसे म्हणजे तेथील प्रवासी. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. हा रस्ता रोज वापरला जातो. एखादे वृद्ध जोडपे कमानीपाशी आपली कॅरव्हॅन उभी करते, चहा करून घेते, पुतळ्याखालील मजकूर शांतपणे वाचते आणि मग पुढे निघते. ज्यांना असे म्हातारपण लाभले नाही, त्यांच्यासाठी त्यांच्या सोबत्यांनी बांधलेल्या वाटेवरून ते जात असते. एवढे त्या दोघांच्या ध्यानात आले, तरी त्या सैनिकांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणावयास हरकत नाही.