पूर्वनिवड प्रभाव
आधीच निवडून ठेवलेला पर्याय न बदलता तसाच राहू देण्याचा मानवी कल. विल्यम सॅम्युएलसन व रिचर्ड झेकहाउसर यांनी १९८८ मध्ये यथास्थितीकडील कल प्रयोगांतून दाखवला. निर्णयाचा कंटाळा, तोट्याची धास्ती (पहा : हानिभय) आणि दिलेली निवड म्हणजे शिफारस हा समज, ही त्यामागील कारणे. ठळक उदाहरण पंतप्रधान पीक विमा योजनेचे (पहा : पीक विमा). खरीप २०१६ पासून पीककर्जदारांना सक्तीचा असलेला विमा खरीप २०२० पासून ऐच्छिक झाला. तरी नांदेड-लातूरच्या सोयाबीन उत्पादक कर्जदाराला तो नको असल्यास मुदतीच्या ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते, अन्यथा संमती गृहीत धरली जाते. बिगरकर्जदाराला स्वतः अर्ज करावा लागतो. मोबाइल अ‍ॅपमधील आधीच टिक केलेली चौकट याच तत्त्वावर चालते. संमतीविना देयकात सेवा घालण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मनाई केली.